मधली हवा

कळंबा रोड, कोल्हापूर
१८ डिसेंबर १९७९

चि. नजीरा हिस,
अनेक दुवा व अनेक आशीर्वाद. दोन्ही पाठवतो आहे. कस्टमवाले जे सोडतील ते घे.

पत्राच्या आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे. आकाशी एरोग्रॅमवर निळ्या शाईने लिहिण्याची जी प्रथा तू अलीकडे पाडली आहेस, तिला काव्यशास्त्रात मीलित अलंकार म्हणतात. एक वस्तू सारख्याच गुणाच्या दुसऱ्या वस्तूत अशी मिसळावी की वेगळी उमगूच नये. चांदण्यात उभी पांढरी गाय जशी. कवीला ते भूषण असेल, मामूला नाही. तुझ्या गेल्या पत्रातली निम्मी वाक्ये आभाळात विरून गेली. ‘मामू, मला’ एवढे लागले. पुढे तुला काय झाले, काय मिळाले की काय हवे आहे, ते अल्ला जाणे आणि पोस्ट खाते जाणे. तरी यापुढे काळी शाई वापरावी, अक्षर वाटाण्याएवढे काढावे, आणि अमेरिकेसारख्या सधन देशात दोन ओळींत जागा सोडणे परवडत नसेल तर तसे कळवावे.

इकडचे वर्तमान नेहमीचेच. आठवीच्या मुलांनी यंदा संस्कृत घेतले ते गुण पडतात म्हणून. ती रूपे अशा रडक्या सुरात म्हणतात की विभक्तीलाच दया यावी. माझ्या आजोबांनी कोल्हापूरभरच्या कात्र्यांना धार लावली, मी बुद्धींना लावायला गेलो. दोघांत यश आजोबांना जास्त. हल्ली शाळेतून आलो की टोपीसुद्धा न काढता बसून राहतो. थकवा हा शिक्षकाचा स्थायीभाव आहे, त्याची काळजी करू नये.

मागच्या रविवारी जयसिंगपूरला बाळासोकडे निघालो आणि गडहिंग्लजच्या गाडीत बसलो. कागल मागे पडल्यावर शेजारच्या बाईंनी, पावणं, जयसिंगपूर हिकडं कवापास्नं आलं, असे विचारून माझा भूगोल सुधारला. साऱ्या गाडीने हसून घेतले. एस.टी.च्या पाट्या हल्ली फार वाईट रंगवतात.

अम्माचे शिलाई मशीन उजाडल्यापासून चालू असते. ठेका संथ असला की स्वारीचे मन ठीक. कडकड वाजू लागला की समजावे, आज कालवणात तिखट जास्त. उसाचा हंगाम आहे. गुऱ्हाळांचा वास कळंब्याच्या तळ्यापर्यंत येतो आणि तुरुंगाच्या घंटेचे टोलही सध्या गुळात बुडवून काढल्यासारखे ऐकू येतात.

तुझ्या त्या यमाच्या घरच्या बर्फाचे काय झाले? तू प्लूटो म्हणतेस. पण पाताळाचा धनी म्हटल्यावर तो आमचा यमच की. घरातली पोर यमाचा पत्ता विचारत विलायतेला गेली, असे मी मुलांना सांगतो. तेवढा वेळ वर्ग शांत असतो.

लोभ आहेच. तो काळ्या शाईत व्यक्त व्हावा, ही विनंती.
तुझा मामू,
अमीन शिकलगार


टूसॉन, अ‍ॅरिझोना
६ जानेवारी १९८०

ती. मामूंना,
सलाम आणि सा. न. वि. वि.

काळी शाई घेतली. अक्षर वाटाण्याएवढं काढते आहे. आता एका एरोग्रॅमात पूर्वीच्या निम्म्याच बातम्या मावणार, तेव्हा भांडायला जागा उरत नाही. हा तुमचा डाव आहे हे मला कळतं.

बर्फाचं विचारलंत. तुमच्या आठवीच्या मुलांना सांगता येईल असं सांगते. प्लूटोवर कुणी गेलेलं नाही, लवकर जाणारही नाही. तिथून आपल्याकडे येतो तो नुसता उजेड, तोही सूर्याचाच, त्याच्या अंगावर आपटून माघारी आलेला. तो उजेड आम्ही यंत्रातल्या बारीक फटीतून आत घेतो, पसरून त्याची लांब पट्टी करतो आणि ती कुठे कमी पडते ते बघतो. प्रत्येक बर्फ उजेडातला आपला घास ठरलेल्या जागी खातो. पाण्याचा एकीकडे, मिथेनचा दुसरीकडे. म्हणजे मी उजेड बघतच नाही मामू, उजेडातली भगदाडं बघते. तिथं मिथेनचं दहिवर आहे हे इथल्या मंडळींनी चार वर्षांमागं दाखवलं. मिथेन म्हणजे बाळासोमामांच्या गोबरगॅसच्या टाकीत असतो तोच. तो तिथं थंडीनं गोठून जमिनीवर पडलाय. ते दहिवर सगळ्या अंगावर सारखं आहे की कुठे दाट, कुठे विरळ, हे मला बघायचं आहे.

अडचण एकच. आपली हवाही वाटेत उजेड खाते. म्हणून सूर्याच्याच जातीचा एक साधा तारा, प्लूटोइतक्याच उंचीवर असताना बघून ठेवायचा आणि प्लूटोच्या पट्टीला त्या ताऱ्याच्या पट्टीनं भागायचं. मधली हवा दोन्हीकडची कटून जाते. उरतो तो प्लूटो.

मागच्या महिन्यात चाचणी म्हणून पहाटे थोडा वेळ दुर्बीण मिळाली. पट्टीत एक भगदाड असं खोल निघालं की मी खोलीभर नाचले. दोन दिवसांनी सरांनी शांतपणे विचारलं, तुझा तारा कुठं होता? तारा डोक्यावर होता आणि प्लूटो नुकता उगवून खाली. त्याचा उजेड ताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त हवेतून आला होता. ते भगदाड त्याचं नव्हतं, आपल्या हवेचं होतं. आपल्याच श्वासाला मी त्याचा बर्फ समजत होते. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पण एप्रिलच्या मध्यात सलग आठवडाभराच्या रात्री मिळाल्या आहेत. तो सहा-साडेसहा दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे त्याचे सगळे चेहरे एकदा समोरून जातील. या रात्री हुकल्या तर पुढच्या वसंतापर्यंत नाहीत, आणि तोवर माझी शिष्यवृत्ती संपलेली असेल. आत्ताच दमल्यासारखं वाटतंय.

एक गंमत. उजेड यंत्रात सोडण्याआधी त्याला डोळ्यानं शोधावं लागतं. इतका फिका ठिपका सरळ बघितला की नाहीसा होतो. जरा बाजूला बघायचं, मग तो डोळ्याच्या कडेला येऊन उभा राहतो, लाजऱ्या पावण्यासारखा.

अम्माला सांगा, स्वेटर घालते. तुमचा लोभ तक्रारींसकट चालू राहावा.
तुमची
नजीरा


कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९८०

मित्रवर्य बाळासो यांस,
स. न. वि. वि.

तुझ्या आग्रहावरून मिरजेला जाऊन आलो. डोळ्यांचे डॉक्टर सज्जन निघाले. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. हा पडद्याचा रोग आहे. दोन्ही डोळ्यांत, मधोमध. रक्तातल्या साखरेने पोखरला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात जन्म काढल्यावर दुसरे कोण पोखरणार? याला उपाय नाही. कडेचे दिसत राहील, मधले दिसणार नाही. ज्याच्याकडे बघावे नेमके तेच जाते. गडहिंग्लजच्या गाडीचा उलगडा आता तुला झाला असेल. पाट्या रंगवणाऱ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे.

वर्गात अजून कोणाला कळलेले नाही. पुस्तक उघडून समोर धरतो आणि पाठ म्हणतो. शास्त्रीबुवांनी छडीच्या धाकाने सगळे तोंडपाठ करून घेतले, तेव्हा आपण त्यांना शिव्या दिल्या होत्या. त्या परत घेतो. एकदा पुस्तक उलटे धरले गेले. एका मुलाने ते सांगितले. मी म्हणालो, तुझे लक्ष आहे की नाही ते बघत होतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिका मात्र प्रकृतीचे कारण सांगून परत केल्या.

ताजबीला सांगितले नाही. पण माझीच बहीण ती, तिला बहुधा ठाऊक आहे. ताटात मीठ आणि लिंबू ती हल्ली रोज एकाच जागी वाढते, आणि घरात कोणी चौकट ओलांडली की मोठ्याने नाव घेऊन या म्हणते.

आता मुद्दा. नजीराला एप्रिल संपेपर्यंत यातले अक्षरही कळता कामा नये. तिच्या दुर्बिणीच्या रात्री एप्रिलमध्ये आहेत. पोरीचा सारा अभ्यास त्यांवर टांगला आहे. तिचे अब्बा हुसेनभाई गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून मला जरा ताप आला तरी ती शाळा बुडवून उशाशी बसायची. कळले तर ती रात्री टाकून येईल. तूही तिला पत्रे लिहितोस. तोंड आवर.

हे पत्र पुठ्ठ्याला फट कापून, त्या फटीतून ओळ-ओळ लिहिले आहे. ओळी सरळ आल्या असतील तर श्रेय पुठ्ठ्याला.

लोभ आहे, म्हणूनच ही गळ.
तुझा
अमीन


जयसिंगपूर
१५ फेब्रुवारी ८०

आमीनपंडित यास,
बाळासोचा रामराम. शास्त्रीबुवांनी मला नापास केलं तवापास्नं मी शुद्ध ल्हायचं सोडलंय, तवा हाय असं वाच. न्हायतर दुसऱ्याकडनं वाचून घे. आता तुला तेच करायला लागणार हाय.

लेका, तुझं पत्र वाचून जेवान गेलं न्हाय. पोरीला सांगू नको म्हणतोस. न्हाय सांगत. पर तू येडा हैस. जी पोरगी कोटी कोटी मैलांवरचं दहिवर हेरती, तिला मामूचं डोळं हेरायला काय येळ लागतोय व्हय? आनि मला खोटं ल्ह्याला जमत न्हाय हे तुला म्हाईत हाय. तिला परवाच चार ओळी धाडल्या, समदं ठीक हाय म्हणून. ल्हिताना घाम फुटला.

दर ऐतवारी मी येतो. पेपर, पत्रं, काय असंल ते वाचून दावतो. तू एस.टी.त एकटा बसायचं न्हाईस. बसलास तर थेट बेळगावात घावशील, आनि तितं कानडीत रडायला लागंल.

तुझ्या भाचीला सांग, तिच्या यमाकडं गोबरग्यास गोठलाय तसा हिकडं थंडीत माझाबी मंद झालाय. च्या व्हईना.

माया हाय. ती काय ल्हिऊन दावायची गोष्ट न्हाय.
बाळासो


टूसॉन
१४ मार्च १९८०

ती. मामूंना,
सलाम आणि सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले.

तुम्ही लिहिता, अम्मा बरी आहे. दर पत्रात लिहिता. तरी मनात काहीतरी टोचत होतं. म्हणून तुमची सगळी पत्रं काढून जमिनीवर मांडली. एका बाजूला जुनी, मी इथं आल्यापासूनची. दुसऱ्या बाजूला गेल्या दिवाळीनंतरची. आणि आमच्या रीतीनं नव्यांना जुन्यांनी भागलं. जुन्यात जे आहे आणि नव्यात नाही, ते काय?

जुन्या पत्रांत अम्मा पानोपानी दिसते. अम्माच्या कपाळावरची एक बट पांढरी झाली. अम्मा उन्हात बसून सुई ओवते आणि ओठ मुडपते. ईदेला अम्मानं मोरपंखी साडी नेसली आणि तुम्ही तिला मयूरी म्हणालात म्हणून ती दिवसभर बोलली नाही. नव्या पत्रांत काय आहे? मशीनचा ठेका. कालवणाचं तिखट. अम्माचा चेहरा एकाही पत्रात नाही, मामू. एकाही नाही. मशीन तर कुणीही चालवू शकतं.

भगदाड तिथं आहे आणि ते खोल आहे. अम्मा आजारी आहे आणि तुम्हाला तिचा चेहरा लिहवत नाही. किंवा त्याहून वाईट काही, जे मी लिहू शकत नाही. बाळासोमामांनीसुद्धा सगळं ठीक आहे असं लिहिलंय. त्यांनी जन्मात कधी सगळं ठीक आहे म्हटलं होतं? त्यांचं कायम काहीतरी बिघडलेलं असतं.

सहा एप्रिलचं तिकीट काढलं आहे. सरांना सांगितलं. माझ्या रात्री ते दुसऱ्या कुणाला देतील. त्यांनी विचारलं, तुझी खात्री आहे ना? मी हो म्हणाले. प्लूटो कुठं जात नाही. अम्मा जाईल.

मला खरं काय ते सांगा. लहान समजू नका.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहे, तो आज मागते.
नजीरा


कोल्हापूर
२७ मार्च १९८०

चि. नजीरा हिस,
अनेक दुवा, अनेक आशीर्वाद.

‘अम्मा ठीक, येऊ नको’ ही तार पोचली असेलच. तारेत विस्तार करता येत नाही, म्हणून इथे करतो. तुझी अम्मा ठणठणीत आहे. तुझे पत्र बाळासोने वाचून दाखवले, तेव्हा ती मशीन थांबवून ऐकत होती. ऐकून म्हणाली, मी मेले असते तर या दोघा म्हाताऱ्यांना भाकऱ्या कोण घालत होतं, असं त्या पोरीला विचारा. मग पदर तोंडाला लावून रडली. मग कालवण तिखट केले. पुरावा म्हणून तिने आपला एक केस या पत्राला चिकटवला आहे. तो पांढरा आहे असे ती म्हणते. मी तिच्या शब्दावर विसंबतो.

त्या शेवटच्या वाक्यापाशी थांब. चूक तिथेच आहे.

तू भागाकार बरोबर केलास, पण तारा चुकीचा घेतलास. डिसेंबरात केलीस तीच चूक. माझी जुनी पत्रे धड डोळ्यांनी लिहिलेली होती. नवी तशी नाहीत. दोहोंच्या मधली हवा सारखी नाही. भगदाड आहे, खोल आहे, हे तुझे खरे. पण ते अम्माच्या ठिकाणी नाही. नवी पत्रे पुन्हा मांड आणि अम्मा सोडून बाकीचे बघ. तळ्याचा रंग आहे? वर्गातल्या एकाही मुलाचा चेहरा आहे? गुळाचा वास आहे, घंटेचे टोल आहेत, बाईंचा पावणं म्हटल्याचा आवाज आहे. दिसलेले काहीच नाही. अम्माचा चेहरा एकटा गेलेला नाही, बाळ. माझ्याकडून सगळेच गेले आहे.

डोळ्यांच्या पडद्याचा रोग आहे. मधोमध. फेब्रुवारीत मिरजेला कळले, तुझ्यापासून लपवले. बाळासोला शपथ घातली म्हणून त्याने ते भयंकर वाक्य लिहिले. त्याला रागावू नकोस, त्याला लिहिताना घाम फुटला होता. काळी शाई का मागितली ते आता तुला सांगायला नको. इतके वाटाण्याएवढे अक्षर काढलेस, तरी तुझे पत्र मला वाचता आले नाही. भिंगाने ‘अम्मा’ एवढा शब्द लागला. रविवारपर्यंत, बाळासो येईपर्यंत, ते पत्र खिशात घेऊन वर्गात उभा होतो. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तुझेही तसेच गेले असणार. आपण दोघांनी एकमेकांना वाचवायला जाऊन चांगलेच पोळून काढले.

आता आज्ञा. मी आज्ञा फारशी करत नाही, करून थकलो आहे. पण ही ऐक. तिकीट रद्द कर. सरांकडे जा आणि म्हण, खात्री नव्हती, तारा चुकला होता. त्यांना ते समजेल. रात्री परत माग. मिळतील. न मिळाल्या तर पुन्हा माग. त्याचे सगळे चेहरे एकदा नीट बघून घे, आपल्या घरात कोणीतरी बघितले पाहिजेत. मग मे महिन्यात ये. माझा डोळा तेव्हाही असाच असेल, तो कुठे जात नाही.

तू लिहिले होतेस की फिका ठिपका सरळ बघितला की जातो, बाजूला बघितले की येतो. ते वाचले तेव्हा भिंग हातात होते आणि मी एकटाच हसलो. मला आता जग तसेच बघावे लागते. ताजबी हवी असेल तर पाट्या-वरवंट्याकडे बघायचे. मग ती कडेला थोडी उगवते, ओठ मुडपलेली. शिकतो आहे. या वयात नवी विद्या येते, पण हळू येते, आणि संध्याकाळपर्यंत मान दुखते.

लोभ असू दे, असे लिहून सही करणार होतो. पण बाळासो समोर बसला आहे. तो म्हणतो, पंडिता, अलंकार बास झाले, पोटातलं ल्ही.

तर ऐक. मला आंधळेपणाची भीती वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, पूर्ण अंधार होणार नाही. शाळेचीही वाटत नाही. सुटली तर सुटली. भीती एकाच गोष्टीची आहे. मे महिन्यात तू दारात उभी राहशील आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीने तुझ्याकडे सरळ बघेन. तेव्हा मला तू दिसणार नाहीस, दार दिसेल. आणि माझ्या तोंडावरून ते तुला कळेल. तेवढे एकदा होऊन गेले की मग मी कडेने बघेन. पण ते पहिल्यांदा कसे निभवायचे, मला ठाऊक नाही.

तुझा मामू